बराबरीचा पिरेड

शाळांच्या एकीकरणाची ती वर्षं होती. शेजारीशेजारी असलेल्या सरकारी शाळा एक करायच्या, असा वरून आदेश आला होता. मी ज्या गावात शिकवत होते तिथे मुलांची शाळा आणि मुलींची शाळा एकमेकींना लागून होत्या, मधे फक्त एक भिंत. मी मुलींकडे. बुऱ्हाणपुरातल्या लालबागहून रोज स्कूटीवर निघायचं, केळीच्या बागांमधून जाणाऱ्या रस्त्याने पोचायचं आणि नववी-दहावीला सामाजिक विज्ञान शिकवायचं, असं माझं बरंच आयुष्य गेलं होतं.

भिंत पाडली त्या दिवशी पेढे वाटले. मुलांच्या शाळेचे प्राचार्य दोन्हीकडचे मिळून प्राचार्य झाले, कारण त्यांचं पद वरचं. आमच्या मोठ्या मॅडम, ज्यांनी मुलींची शाळा उभी केली आणि चालवली, त्या एका दिवसात साध्या शिक्षिका झाल्या. त्यांची खुर्ची ऑफिसातून उचलून स्टाफरूममध्ये आणून ठेवली. त्यांनी ती कुठे ठेवायची ते स्वतःच दाखवलं, खिडकीपाशी, आणि बसून वह्या तपासायला घेतल्या.

आमच्या मुलींच्या शाळेत सगळं मुलीच करायच्या. घंटा मुली द्यायच्या, माइक मुली लावायच्या, बाकडी एका वर्गातून दुसऱ्यात मुली न्यायच्या. अंगणात कबड्डीची रेघ आखलेली असायची आणि ती कधी पुसली जायची नाही. एकदा फ्यूज उडाला तेव्हा दहावीतल्या एकीने चपला घालून, लाकडी स्टुलावर चढून तार बांधली होती. यात काही विशेष आहे असं कुणाला वाटत नव्हतं. दुसरं करणार कोण?

शाळा एक झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कामं वाटली गेली. घंटा, माइक, खेळाचं सामान मुलांकडे. रांगोळी, स्वागतगीत, पाहुण्यांना पाणी मुलींकडे. प्राचार्य काही वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, मुली हे किती सुंदर करतात. आमच्या अंगणात स्टाफच्या मोटरसायकली उभ्या राहू लागल्या, कारण तिथे सावली होती. मुलींचं बाथरूम कुलपात गेलं. मुलं तिकडे फिरकू नयेत म्हणून, असं कारण सांगितलं. किल्ली चपराशाकडे. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीने पुरुषाकडे जाऊन किल्ली मागायची. त्यांनी मागितली नाही, पाणी प्यायचं कमी केलं. मी दोनदा सांगून पाहिलं, प्राचार्यांनी दोन्हीदा मान डोलावली.

त्याच वर्षी जिल्ह्यावरून आणखी एक हुकूम आला. नववी-दहावीला आठवड्यातून एक तास लैंगिक समानतेचा घ्यायचा. मुलं-मुली एकत्र बसवून, चर्चा करून, विद्यार्थ्यांना बोलतं करून. त्यासाठी खंडव्याला प्रशिक्षण झालं. प्राचार्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, बायकांचा विषय आहे, तुम्हीच घ्या. मी म्हटलं, सर, एखाद्या सरांनीही बरोबर यावं, मुलं त्यांचं ऐकतील. ते हसले. त्यांचा कोर्स राहून जाईल मॅडम, म्हणाले.

मला मात्र तो तास हवा होता. मला वाटलं, निदान एक तास तरी आपल्या हातात आला.

मुलांनी त्याला पहिल्या दिवसापासून 'बराबरीवाला पिरेड' म्हणायला सुरुवात केली. गणिताच्या सरांनी ते नाव उचललं आणि स्टाफरूममध्ये माझं तेच नाव पडलं. मी आत आले की कुणीतरी म्हणायचं, चहा आज मॅडम सांगणार नाहीत, आज बराबरी आहे. मग सगळे हसायचे आणि चहा मीच सांगायचे, कारण नाही सांगितला तर पुढे तासभर त्यावर बोलणं झालं असतं.

वर्गात खिडकीकडच्या रांगा मुलांच्या आणि भिंतीकडच्या मुलींच्या. मी विचारायचे आणि खिडकीकडून उत्तरं यायची. भिंतीकडच्या मुली, ज्यांना मी जुन्या शाळेत ओरडून गप्प करायचे, त्या आता बाकाकडे बघत बसायच्या. मी त्यांना धीर द्यायचे. बोला, म्हणायचे, इथे सगळे सारखे. प्रशिक्षणात तसंच सांगितलं होतं.

पहिली बोलली ती दापोऱ्याकडून येणारी मुलगी. केळीवाल्यांच्या घरातली, उंच, जुन्या शाळेत कबड्डीत पकड करायची. आवाज जरा घोगरा. तिचा भाऊ तिच्यापेक्षा मोठा, पण नववीत एकदा नापास झालेला, त्यामुळे एकीकरणानंतर दोघं एकाच वर्गात आले. मी त्या दिवशी विचारलं होतं, घरात अशी कुठली गोष्ट आहे जी नावाने तुमची आहे, पण वापरतं दुसरं कोणी?

ती उभी राहिली. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, उदाहरण दिल्यासारखं बोलली. "मॅडम, सरकारने सायकल दिली ती माझ्या नावाची आहे. चालवतो भाऊ. त्याची त्याने मोडून टाकली. मी चालत येते."

वर्ग हसला. तिच्यावर नाही, भावावर हसला. कुणीतरी पेडल मारल्याचा आवाज काढला. भाऊ कानापर्यंत लाल झाला. मी सगळ्यांना गप्प केलं आणि तिला शाबास म्हटलं. खरंच शाबास होतं ते. इतकं नेमकं उत्तर खंडव्याच्या प्रशिक्षणातही कुणी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिने मला सांगितलं नाही, तिच्या शेजारच्या मुलीने सांगितलं. घरी बोलणं झालं होतं. मारलं वगैरे नव्हतं. वडील एवढंच म्हणाले होते की घरातलं शाळेत जाऊन सांगते का.

तेव्हा मला कळलं की आमच्या शाळेचं काय झालंय. पूर्वी मुली वर्गात बोलायच्या ते वर्गात राहायचं. भिंतीपलीकडे जायचं नाही. आता प्रत्येक वर्गात कुणाचा भाऊ, कुणाच्या काकाचा मुलगा, कुणाच्या गल्लीतला पोरगा बसलेला. मुलगी दुपारी जे बोलेल ते तिच्या आधी घरी पोचणार. आणि सरकारने मला नेमकं हेच काम दिलं होतं की त्यांच्यासमोर मुलींना बोलतं कर.

मोठ्या मॅडमना मी हे सांगितलं. त्या वह्या तपासतच म्हणाल्या, "तुला आज समजलं? भिंत पाडली तेव्हाच मी म्हटलं होतं, सगळी पाडू नका, मधे दार तेवढं ठेवा. कोणी ऐकतं का आपलं."

तरी ती मुलगी गप्प बसली नाही. मला वाटलं होतं बसेल. उलट प्रत्येक तासाला हात वर. निंदणीला आई आणि काकू जातात, पण केळीचा व्यापारी आला की बोलणी वडील करतात, आई आत जाते, हे तिने सांगितलं. मुलींना संध्याकाळी ट्यूशनला पाठवत नाहीत आणि मग गणितात मागे पडल्या की म्हणतात मुलींना गणित येत नाही, हेही तिनेच सांगितलं. गणिताच्या सरांपर्यंत ते पोचलं. ते मला म्हणाले, तुमची चेली बहुत बोलती है. मी म्हटलं, बोलू द्या ना सर.

हिवाळ्यात समानतेवरच एक कार्यक्रम ठरला. जिल्ह्याहून अधिकारी येणार होते, आमच्या शाळेत हा तास कसा चालतो ते बघायला. प्राचार्यांनी अंगण झाडून घेतलं, मोटरसायकली हलवल्या. भाषण त्या मुलीने करायचं असं मी ठरवलं होतं. तिने ते स्वतः लिहिलं, मी दोन-तीन शब्द बदलले, आणि ती ते म्हणत म्हणत शाळेत यायची.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी भाषण दहावीतल्या एका मुलाला दिलं. त्याचा आवाज खणखणीत आहे, म्हणाले. मुलीचा घोगरा वाटतो माइकवर. भाषण तेच, तिनेच लिहिलेलं. तिला पाण्याचा ट्रे दिला, कारण ती उंच आहे, मंचावर चांगली दिसेल. मी विरोध केला. ते म्हणाले, मॅडम, एक ही दिन की बात है. मी म्हटलं, सर, त्या एका दिवसाचीच तर बात आहे. त्यांनी फाईल उघडली.

अधिकारी आले, हार झाले, स्वागतगीत झालं. ती ट्रे घेऊन मंचावर चढली. मी बाजूला उभी होते. तिने ट्रे टेबलावर ठेवला, ग्लास कुणाच्याही हातात दिले नाहीत, आणि भाषणाचा कागद घेऊन उभ्या मुलाकडे बघून प्राचार्यांना हळू आवाजात म्हणाली, "सर, भाषण मैंने लिखा है। वो मैं बोल देती हूँ, पानी ये दे देगा।"

ती उद्धट नव्हती. हे मी शपथेवर सांगेन. दुकानात आपण सुटे मागतो तितक्या साध्या आवाजात बोलली. पण माइक जवळ होता आणि पुढच्या रांगांना ऐकू गेलं.

अधिकारी हसले. "बिटिया तेज़ है," म्हणाले, आणि स्वतः पुढे वाकून ट्रेमधला ग्लास उचलला. सगळे हसले, टाळ्या पडल्या. मग तिला खाली जायला सांगितलं आणि मुलाने भाषण म्हटलं. त्यात एक वाक्य होतं, की मुलीला बोलण्याची संधी मिळत नाही, द्यावी लागते. तेही छान म्हटलं त्याने. ती खाली मुलींच्या रांगेत बसून ऐकत होती. तिचे ओठ हलताना मला दिसत होते.

अधिकाऱ्यांनी शेरा चांगला दिला. त्यांची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर प्राचार्यांनी तिच्या भावाला बोलावलं आणि उद्या वडिलांना घेऊन ये म्हणाले.

वडील आले तेव्हा मला आत बोलावलं नाही, पण दार उघडं होतं. मला वाटलं होतं प्राचार्य रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांनी चहा मागवला, यंदा केळीला काय भाव निघाला ते विचारलं आणि मग म्हणाले, "लड़की होशियार है। बस थोड़ी हवा लग गई है। सँभाल लो।"

एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. बाप चिडून मुलीची बाजू घेतो कधीकधी. पण काळजीच्या सुरात सांगितलेल्या गोष्टीवर कुठला बाप भांडेल?

सोमवारपासून ती आली नाही.

मी आठवडाभर वाट पाहिली आणि मग दापोऱ्याला गेले. घर चांगलं होतं, दारात ट्रॅक्टर, ओट्यावर केळीचे खोके रचलेले. वडिलांनी खुर्ची दिली. आई पाणी घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. मुलगी आत होती, तिची सावली मला दिसत होती. मी सांगायचं ते सगळं सांगितलं. ती वर्गात पहिल्या पाचात असते, तिने काही गैर केलेलं नाही, चूक असेल तर शाळेची आहे.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्याडम, तुम्ही शिकवता ते काही खोटं नाही. मले समजते ते. पन तुम्ही शिकवून लालबागले चालल्या जाता. आमाले इथंच राहनं हाय."

मी म्हटलं, दादा, मुलीला घरी बसवून काय होणार? ते म्हणाले, घरी नाही बसवत, दहावी स्वाध्यायी करू. म्हणजे घरी अभ्यास करायचा आणि फक्त परीक्षेला जायचं. शिकू नको असं मी म्हटलं का, म्हणाले. नववीच्या परीक्षेला तरी शाळेत पाठवा, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. त्यासाठीही बराच वेळ बसावं लागलं.

निघताना आई फाटकापर्यंत आली. मला वाटलं ती काही बोलेल. तिने दोन फण्या केळी पिशवीत घालून स्कूटीला अडकवल्या आणि म्हणाली, "आता नका येऊ मॅडम. तुम्ही आल्या का मंग घरात दोन दिवस बोलनं चालते." तिच्या बोलण्यात राग नव्हता, विनंती होती. ती केळी मी घरी नेली आणि काळी पडेपर्यंत कुणी खाल्ली नाहीत. नवऱ्याने विचारलं, कुणी दिली? मी सांगितलं. तो म्हणाला, तुला सांगितलं होतं दुसऱ्यांच्या घरात पडू नको. जेवण झालं होतं आणि ताटं मीच उचलत होते. दिवसभर बोलून माणूस थकतं.

मग एक दिवस आरोग्य खात्याचे लोक मुलींचं रक्त तपासायला आले आणि माझ्या तासाला वर्गात फक्त मुलगे उरले. असा तास मी कितीदा मागितला होता. फक्त मुलांचा वेगळा तास द्या, मला त्यांच्याशीच बोलायचंय, असं म्हटलं की प्राचार्य म्हणायचे, मुलांना काय शिकवायचं, त्यांनी काय केलंय? आता तो आपोआप मिळाला होता. मी पुस्तक उघडलं नाही. तिचा भाऊ शेवटच्या बाकावर होता. मी सरळ त्यालाच विचारलं की सायकल अजून तूच आणतोस का.

तो उभा राहिला. मग म्हणाला, "मैंने माँगी नहीं थी मॅडम. पापा ने बोला, तू ले जा."

"आणि तू परत का नाही दिलीस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. खरोखर विचारात पडला होता, चेष्टा करत नव्हता. "फिर मैं पैदल आऊँ क्या?"

वर्गात कुणी हसलं नाही. माझ्या त्या तासाला मिळालेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर हेच. त्याला अन्याय समजला होता. आपल्या वाट्याला पायी चालणं येईल, हेही समजलं होतं. दुसरी गोष्ट कळल्यावर पहिलीचं काय करायचं याचं उत्तर खंडव्याला शिकवलं नव्हतं. मी त्याला बसवलं. मुली परत आल्या, बोटाला कापूस धरून, आणि तास संपला.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मोठ्या मॅडम निवृत्त झाल्या. शाल, श्रीफळ, फोटो. प्राचार्यांनी भाषणात त्यांना शाळेची आई म्हटलं. मॅडमना बोलायला सांगितलं तेव्हा त्या उठल्या, शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि म्हणाल्या, "मुलींना वेगळं ठेवू नये, हे मलाही पटतं. मीही मुलांबरोबरच शिकले. पण दोन घरं एक करताना कुणाच्या घरात कोण राहायला आलं, ते जरा बघत जा." मग त्या बसल्या. टाळ्या नेहमीसारख्या पडल्या. कुणाला ते लागलं असेल असं मला दिसलं नाही. नाश्त्याच्या प्लेटा मुलींनी फिरवल्या.

त्याच महिन्यात शाळेला समानतेच्या उत्तम कामासाठी जिल्ह्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. प्राचार्यांनी ते घेतलं आणि फोटोत मला शेजारी उभं केलं. वर्तमानपत्रात तो फोटो आला. माझ्या माहेरच्यांनी फोन करून अभिनंदन केलं.

पुढच्या वर्षाच्या शेवटी बोर्डाच्या परीक्षेत माझी ड्यूटी बुऱ्हाणपुरात एका केंद्रावर लागली. तिथे ती दिसली. स्वाध्यायी मुलं एका टोकाच्या खोलीत बसवली होती, त्यांत बहुतेक नापास झालेले मोठे मुलगे आणि दोन-तीन बायका, त्यांत ती. आणखी उंच झाली होती. पेपर सुटल्यावर ती माझ्यापाशी आली आणि पाया पडली. पूर्वी कधी पडायची नाही.

मी विचारलं, पेपर कसे गेले? बाकी ठीक, गणित अवघड गेलं, म्हणाली. घरी विचारायला कोणी नव्हतं. आई बरी आहे, भावाचे पेपर दुसऱ्या केंद्रावर आहेत, रावेरकडचं एक स्थळ बघून गेलं, पण अजून काही ठरलं नाही, असं सगळं तिने सांगितलं. तिचे मामा फाटकाबाहेर मोटरसायकल घेऊन उभे होते आणि आमच्याकडेच बघत होते, म्हणून ती भराभर बोलत होती.

मग तिने विचारलं, "मॅडम, तो पिरेड चालू आहे अजून?"

"आहे."

"कोण बोलतं आता?"

मी खोटं बोलू शकले असते. तिला बरं वाटलं असतं कदाचित. पण तिच्याशी मला खोटं बोलता येईना. मी म्हटलं, "मीच बोलते."

तिने मान हलवली, जणू तिला हेच उत्तर येणार हे माहीत होतं. मग पॅड आणि पाण्याची बाटली सावरली आणि मामांकडे गेली. ती दहावी पास झाल्याचं आणि गणितात पुरवणी परीक्षा द्यावी लागल्याचं मला नंतर दुसऱ्या मुलींकडून कळलं. रावेरचं स्थळही ठरलं. लग्नाची पत्रिका शाळेत आली, प्राचार्य आणि समस्त स्टाफ अशा नावाने. प्राचार्य गेले होते. मी गेले नाही.

तास मी अजून घेते. फळ्यावर लिहिते, पुस्तकातलं वाचून दाखवते, मुलांना प्रश्न विचारते आणि त्यांच्याकडून उत्तर येईपर्यंत वाट बघते. मुलींना मात्र उभं करून बोलायला लावत नाही. जिल्ह्याची माणसं आली की त्यांच्या कागदावर एक रकाना असतो, मुली चर्चेत भाग घेतात का. त्यात मी दरवेळी 'नाही' लिहिते, आणि प्राचार्य दरवेळी ते खोडून 'हो' करतात.